गाण्यात न बसलेलं पाणी

कल्याणच्या खाडीजवळ एका चाळीत दामाजी राहत. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. विहारात पेटी पुढ्यात घेऊन बसले की ते स्वतः रचलेली गाणी म्हणत. त्यातलं एक गाणं नाथाचं होतं. नाथा त्यांचा पलटणीतला मित्र, एकाहत्तरच्या लढाईत नदी ओलांडताना गेला.

नदी आडवी आली, नाथा पुढं झाला,
हसत हसत गडी माझा पैलतिराला गेला.

नाथाची थोरली बहीण सगुणाबाई टिटवाळ्याला राहायची. दामाजी हे गाणं जिथं म्हणतील तिथं ती जायची. भावाच्या मरणाची घरी नुसती तार आलेली. तो कसा गेला, हे तिला या गाण्यानंच सांगितलं होतं.

दामाजींची मुलगी कांता शाळेत शिकवायची, कविताही लिहायची. एका वर्षी आबांना, म्हणजे दामाजींना, टायफॉइड झाला, तेव्हा ती उशाशी बसून त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची. तापाच्या भ्रमात आबा पुन्हा त्या नदीकाठी गेले. नाथाशी बोलू लागले. ते बोलणं तिनं ऐकलं. आबा बरे झाले, त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं, आणि तिनंही विषय काढला नाही. पण त्यातून एक कविता झाली.

मग कारगिलचा उन्हाळा आला. नाक्यानाक्यावर झेंडे लागले. डोंबिवलीच्या एका मंडळानं रविवारी दुपारी जवानांसाठी काव्यवाचन ठेवलं आणि बाप-लेकीला एकत्र बोलावलं. कांता तिथं वाचणार होती ती दुसरीच, पावसावरची कविता.

आबांनी नाथाचं गाणं म्हटलं. पोरं बाकांवर उभी राहिली, शिट्ट्या, घोषणा. "हसत हसत" या ओळीला सगळं सभागृह टाळी धरत होतं. कांता ते बघत राहिली. खिडक्यांतून पिवळट ऊन तिरपं येत होतं, वर पंखे सावकाश फिरत होते, आणि टाळ्या वाजवणारे हात तिला पाण्याखाली हलल्यासारखे दिसायला लागले. तिचं नाव पुकारलं गेलं. माइकपाशी ती कशी पोचली, तिचं तिलाही कळलं नाही.

"तो हसला नाही," तिनं सुरुवात केली. "त्यानं पाणी मागितलं. म्हणाला, दामा, एवढं ऊन आहे, मग मला थंडी का वाजतेय?"

कविता छोटीच होती. संपली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण ओरडला, "हे आत्ता वाचायचं असतं का?" कांतानं आबांकडे पाहिलं. ते पेटीवर दोन्ही हात ठेवून, जणू लांबून कुणी हाक मारतंय अशा चेहऱ्यानं बसले होते.

बाप-लेक बाहेर आली, तर पायरीवर सगुणाबाई उभी होती. कांता दोन पायऱ्या वरच थांबली.

"आत्या, मला ठाऊक नव्हतं तुम्ही आलात ते."

सगुणाबाईनं तिच्याकडे बघितलंच नाही. ती दामाजींना म्हणाली, "दामा, पाणी दिलंस का रे त्याला?"

दामाजी तिच्याजवळ पायरीवर टेकले. "दिलं, ताई. टोपीत भरून आणलं नदीचं. दोन घोट प्याला. मग डोकं माझ्या मांडीवर टाकलं."

"मग गाण्यात का नाही घातलंस?"

"बसत नव्हतं गं. घालायला गेलो की गळा दाटायचा. रडत रडत कसं म्हणणार? आणि तुला काय सांगणार होतो, थंडीनं कुडकुडत गेला म्हणून?"

"मला वाटायचं, कुणी नव्हतंच त्याच्याजवळ," सगुणाबाई म्हणाली. "हसत गेला, बरं वाटायचं ऐकून. पण एकटाच गेला असंच दिसायचं मला." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग कांताच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

तिघं बसनं कल्याणला आली. सगुणाबाईला मुक्कामाला ठेवून घेतलं. घरात उकडत होतं म्हणून तिघं खाडीवर जाऊन बसली. भरती येत होती. एक रिकामी होडी बांधल्या जागी गोल फिरत होती, आणि पलीकडचा काठ धुरकट, असून नसल्यासारखा झाला होता.

"आबा, रागावलात?" कांतानं विचारलं.

"पोरं जिवावर उदार होऊन वर चढतायत. त्यांना माझंच गाणं लागणार," आबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "परत आल्यावर तुझं लागेल."

कांताला ते पुरतं पटलं नाही. पण ती वाद घालायला गेली नाही.

सगुणाबाई पाण्याकडे बघत होती. "तुम्ही दोघंही त्याला मरतानाच बघता," ती एकाएकी म्हणाली. "लहानपणी तो म्हशीच्या पाठीवर झोपायचा. रानात चरायला न्यायचा आणि तिथंच डोळा लागायचा. दिवस कलला की म्हैसच त्याला घेऊन यायची. आम्ही दारात उभे. धुळीतून ती डुलत येतेय आणि वर हा, पाय लोंबकळलेले, गाढ झोपलेला."

दामाजींना हसू फुटलं. हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"म्हशीचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"चंद्री," सगुणाबाई म्हणाली, आणि नीट मांडी घालून बसून पुढचं सांगू लागली.