खिंडीत ढग असताना

मित्रांनो, मी शर्यतीची एक म्हातारी कबुतरी आहे. माझा डावा पंख नीट मिटत नाही. तो पाहून लोक 'बिचारी' म्हणतात आणि मला त्या शब्दाचा राग येतो. माझे हे हाल कसे झाले ते मी सांगणार आहे, आणि गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म चष्म्याच्या एका दुकानाच्या गच्चीवर झाला. दुकान दोघी बहिणींचे. थोरली डोळे तपासायची, धाकटी काचा घासायची आणि दोघी मिळून आम्हाला वाढवायच्या. थोरली बोलायला फटकळ, पण हाताने इतकी हलकी की पायात नंबराचे कडे कधी चढले ते मला कळलेही नाही. धाकटी सायकलवरून मला रोज थोडे लांब नेऊन सोडायची. आधी पुलापाशी, मग कारखान्याच्या पलीकडे, मग डोंगराच्या पायथ्याशी. अशा मी वाटा शिकले.

चार वर्षे मी लांबच्या शर्यती उडाले. दोनदा पहिली आले. माझा फोटो दुकानात लागला. डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला थोरली आधी त्या फोटोखालची बारीक अक्षरे वाचायला लावायची.

पाचव्या वर्षी माझा मुलगाही माझ्याबरोबर निघाला. राखी रंगाचा, छातीने रुंद, भारी उतावळा. त्याची ती पहिलीच लांबची शर्यत. सहाशे कबुतरे जाळीच्या पेट्यांत भरून ट्रक निघाला. ट्रक चालवणाऱ्याला सगळे दाढीकाका म्हणत. वीस वर्षे तो हेच काम करत होता. मुक्कामाला पोचला की आधी आम्हाला पाणी, मग स्वतःला चहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर निळे आभाळ होते. पण वारा समोरून येत होता आणि लांबच्या डोंगराची रेघ पुसून गेली होती. आमच्या घराची वाट त्या डोंगराच्या खिंडीतून जाते. दाढीकाकाने खिंडीतल्या पेट्रोल पंपावर फोन लावला. तिथल्या बाईने सांगितले की समोरचा रस्ताही दिसत नाही, गाड्या दिवे लावून चालल्या आहेत. काकाने ते जसेच्या तसे, बरोबर आलेल्या शर्यत संघाच्या सचिवांच्या कानावर घातले, कारण कबुतरे कधी सोडायची ते सचिव ठरवत.

सचिव म्हणाले, इथे तर लख्ख ऊन आहे. काका म्हणाला, ऊन इथे आहे, पण पाखरांना जायचे तिकडे आहे. दाणापाणी भरपूर आहे, एक दिवस थांबू. त्यावर सचिवांनी संध्याकाळचा बक्षीस समारंभ काढला, ठरवलेला हॉल काढला, वाटेला लागलेले पाहुणे काढले. मग स्वतः पुढे होऊन त्यांनी पेट्यांच्या खिट्ट्या ओढल्या.

माझा राग इथला आहे. त्यांना माहीत होते.

आम्ही उडालो. दोन तास समोरच्या वाऱ्याशी झुंजून खिंडीपाशी आलो, तेव्हा पुढे पांढरा अंधार होता. ढगात आम्हाला वर-खाली कळत नाही. मी पूर्वी एकदा फसले होते, म्हणून नदीच्या लांबच्या वाटेला वळले. वाटले, मुलगा मागे येईल. पण तो थव्यात सर्वांत पुढे होता. मी वळून पाहिले तेव्हा तो आत शिरत होता.

नदीवर पावसाने मला गाठले. मी विजेच्या तारेवर आदळले. तिसऱ्या दिवशी दुपारी कशीबशी गच्चीवर पोचले. दुकान बंद होते. दोघी बहिणी वरच बसल्या होत्या. धाकटीने मला उचलले आणि माझ्या मागच्या आभाळाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. सहाशेपैकी त्रेचाळीस परतलो. माझा मुलगा आला नाही.

संघाची सभा भरली. सचिव म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. पण हवामान काय कुणाच्या हातात असतं?"

थोरलीने मला टोपलीसकट त्यांच्या टेबलावर ठेवले. "हवामान नव्हतं तुमच्या हातात," ती म्हणाली. "खिट्टी होती."

मग दाराशी उभ्या असलेल्या दाढीकाकाने त्या सकाळचे सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "ट्रक घेऊन मी निघून जायला हवं होतं. मीही उभा राहून बघत बसलो."

सचिवांनी माफी मागितली नाही. तब्येतीचे कारण देऊन पद सोडले. सोडायचे की थांबायचे, हे आता काका ठरवतो, तेही वाटेवर तीन ठिकाणी फोन करून. पुढच्या वर्षी त्याने ट्रक तीन दिवस उभा ठेवला. लोकांनी फोनवरून त्याचे डोके खाल्ले, तो हलला नाही. चौथ्या दिवशी सोडलेली बहुतेक पाखरे दिवस मावळायच्या आत घरी आली. मी गच्चीवरून पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

मित्रांनो, आम्हाला घराची ओढच अशी असते की दार उघडले की आम्ही उडतो. पुढे वादळ असले तरी आम्हाला नको म्हणता येत नाही. ते तुम्हाला म्हणावे लागते. उद्या कुणाचा जीव तुमच्या हातात आला, तर आपल्या डोक्यावरचे ऊन पाहून दार उघडू नका. पुढच्या वाटेवरच्या माणसाला विचारा. आणि तो थांबा म्हणाला, तर थांबा.