उजेडाचा दोष

सकाळी सव्वासहाला आमच्या मैदानावर उजेड येतो, तो एकदम येत नाही. आधी व्यायामशाळेच्या भिंतीचा वरचा पट्टा फिकट होतो. मग पाण्याच्या टाकीची कड, मग पूर्वेकडच्या गोलची आडवी दांडी. त्या दांडीचा रंग जागोजाग उडालेला आहे, आणि तिथल्या गंजावर पहिली तिरीप काही क्षण अशी थांबते, की पुढे जावे की नाही हे तिचे अजून ठरलेले नसावे. नंतर ती खाली उतरते. ओल्या गवतावरून, आदल्या दिवशी मारलेल्या चुन्याच्या रेषांवरून सरकत मध्यापर्यंत येते. मग सूर्य टाकीआडून वर येतो आणि सगळे मैदान एका दमात पांढरे होऊन जाते. त्या पाच-सात मिनिटांत पश्चिमेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला समोरचे काही म्हणता काही दिसत नाही. मुलांच्या नुसत्या सावल्या होतात. मी स्वतः तिथे उभे राहून हे अनेकदा पडताळून पाहिले होते. पडताळण्याची मला गरज होती, कारण माझे वडील त्याच जागी उभे राहत.

"खिडकी, एक पाऊल पुढे ये," त्या सकाळी बाबा म्हणाले.

खिडकी म्हणजे आमचा गोलरक्षक. आठवीत असताना एका सामन्यात त्याला चकवून सात गोल आत गेले, तेव्हापासून ते नाव त्याला चिकटले आणि त्यानेही ते खुशाल चिकटू दिले. त्या क्षणी तो मैदानाबाहेरच्या नळावर पाणी पीत होता. गोलच्या खांबाला त्याची पिवळी जर्सी अडकवलेली होती आणि ती वाऱ्याने जराशी हलत होती.

"अरे, कानात बोळे घातलेस का? रेषेला काय चिकटून उभा राहिलास? एक पाऊल पुढे."

सोळा मुले जागच्या जागी थांबली. कोणी हसले नाही. हसले असते तर मला सोसले असते. खिडकीने नळ तसाच वाहता सोडला, धावत जाऊन तो जर्सीच्या पुढ्यात उभा राहिला आणि हाताच्या पाठीने ओठ पुसत म्हणाला, "आलो, सर."

"हं. आता कसं," बाबा म्हणाले.

मी वहीत लिहिले: सहा बत्तीस. ऊन थेट डोळ्यांवर.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. परीक्षानळ्या धुणे, अॅसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणे, बेडूक मोजून ठेवणे, अशी माझी कामे. त्यांत बोलावे लागत नाही, म्हणून ती मला आवडतात. बाबा एकतीस वर्षे याच शाळेच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. मुले त्यांना मोठे सर म्हणत आणि मी शिक्षक नसूनही मला छोटे सर. सरावाला मी चौकटींची वही घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहत असे आणि खेळ टिपत असे. दोन वर्षांपासून मी टिपता टिपता पुटपुटू लागलो होतो. सात आत वळला. चार मोकळा आहे. चेंडू डाव्या कडेला. कोणी विचारलेच तर बोलून लिहिण्याची सवय आहे, असे मी सांगत असे. बाबांनी कधी विचारले नाही. ते समोर बघत राहत आणि माझे वाक्य संपले की योग्य त्या मुलाला ओरडत.

घरीही असेच काहीसे चाले. आई त्यांचा कप नेहमी टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर, कान उजवीकडे करून ठेवी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला कागद मी घडी घालून कपाटात पदकांच्या डब्याखाली ठेवला होता. नजरेचा मधला भाग जातो, कडेचा राहतो, अशा अर्थाचे त्यावर काही होते. मी आईला सांगितले, की चष्म्याचा नंबर वाढला आहे. आईने बरे म्हटले आणि पुन्हा कधी नंबर विचारला नाही.

सामना दोन आठवड्यांवर होता. समोर नदीपलीकडची शाळा, जिच्याकडून गेल्या वर्षी आम्ही पाच गोलांनी मार खाल्ला होता. त्यांतले तीन गोल एकाच मुलाने डोक्याने मारलेले. तो इतका उंच होता, की आमच्या पोरांनी त्याचे नाव शिडी ठेवले होते. बाबा वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. हा त्यांचा शेवटचा सामना.

जर्सीची गोष्ट कोणीतरी मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर घातली असावी. दोन दिवसांनी त्या प्रयोगशाळेत आल्या. मी याच शाळेत शिकलेलो, त्यामुळे त्या मला अजून एकेरीतच हाक मारत. थोडा वेळ त्या माझे नळ्या विसळणे पाहत राहिल्या. खेळाचे नवे शिक्षक तयार आहेत, आत्ताच बदल केला तर कोणाचा बोभाटा होणार नाही, असे त्यांनी आधी सांगितले. मग सरळ विचारले.

"तुझ्या वडिलांना नीट दिसतं ना?"

"दिसतं," मी म्हणालो. "सकाळी ऊन समोरून येतं, एवढंच."

"तू सांगतोस म्हणून मी मानते हं."

हातातली नळी मी तिसऱ्यांदा विसळली.

त्या दोन आठवड्यांत तीन वेळा मी नदीपलीकडे जाऊन त्यांचा खेळ पाहून आलो. तिकीटघरासारख्या एका टपरीआड उभा राहून मी शिडीची प्रत्येक धाव चौकटींत उतरवली. कॉर्नर मिळाला की तो मागून येई आणि जवळच्या खांबाशी उडी घेई. बावीस कॉर्नर मी मोजले. बावीसही वेळा जवळचा खांब. बाबांनी जेवणाच्या टेबलावर बाटल्यांची झाकणे मांडली आणि माझी वही माझ्याकडूनच वाचून घेतली. प्रत्येक झाकणावर बोट टेकवत, ते सरकवत, ते बराच वेळ विचार करत होते. त्यांची बोटे झाकणांवर एकदाही चुकली नाहीत. मी हा पुरावा मानला.

पण सरावाला शिडी कोण होणार? आमच्या मुलांत तेवढे उंच कोणी नव्हते. बाबा म्हणाले, "तू हो." शर्टावर नऊ नंबरची जुनी जर्सी चढवून मी रोज पन्नास कॉर्नरना उड्या मारू लागलो. लोकांच्या अंगावर धावून जाणे माझ्या स्वभावात नाही. आमचा कर्णधार सगळ्यांना म्हाताऱ्यासारखा सतत बोल लावत असे, म्हणून त्याला आजोबा म्हणत. तो दुसऱ्याच दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "छोटे सर, तुम्ही उडी मारताय की माफी मागताय?" सगळे हसले. बाबाही हसले. मग मी खरोखर उडी मारली, आणि आजोबाच्या कोपराने माझा ओठ फुटला.

मात्र मी मैदानात असताना बाबांच्या शेजारी कोणी नसे. ते गप्प होत. चेहरा अमळ वर करून, चेंडूच्या आवाजामागे मान वळवत, ते उभे असत, आणि ज्या चुकीवर एरवी मैदान दणाणले असते ती चूक तशीच वाऱ्यावर जाई. मी लांबून पाहत होतो. ते विचारात आहेत, असे मी स्वतःला सांगितले.

तिसऱ्या दिवशी मुले आपले आकडे म्हणू लागली. चेंडू ज्याच्या पायाशी येई तो आपला नंबर उच्चारी, आणि ज्याला द्यायचा त्याचाही. "चार... सहा." "सहा... दहा." खिडकी हातात चेंडू आला की "एक" म्हणे, इतक्या गंभीरपणे, की जणू हजेरी देत आहे. बाबांचा आवाज परतला. "दहा, उशीर केलास!" "अकरा कुठे मेला?" मैदान पुन्हा पूर्वीसारखे झाले. मी आजोबाला विचारले, हे काय नवीन? तो बुटाची नाडी बांधण्यात गुंतला. "गोंधळ होत नाही हो आकडे म्हटले की," तो खाली बघून म्हणाला. मी वहीत लिहिले: आपसांतला समन्वय सुधारला.

सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपल्यावर बाबांनी मुलांना गोल करून बसवले. कोणी कोणत्या खांबाशी उभे राहायचे ते पुन्हा एकदा सांगितले.

"आकडे छान म्हणता तुम्ही," ते म्हणाले. "ऐकतोय मी रोज. उद्या म्हणायचे नाहीत."

मुले एकमेकांकडे पाहू लागली.

"त्यांनाही कान आहेत ना बाळांनो. चेंडू कुणाकडे चाललाय हे आपणच ओरडून सांगायचं, म्हणजे झालंच की."

"पण सर, मग तुम्हाला..." आजोबा बोलता बोलता थांबला.

"मला काय? मी बाहेर उभा असतो. खेळायचं तुम्ही." बाबांनी हात पुढे केला. तो माझ्या खांद्याच्या वीतभर पलीकडे गेला, मग शोधत माझ्या खांद्यावर येऊन टेकला. "आणि छोटे सर आहेतच की. त्यांना बोलून लिहायची सवय आहे."

सामना दुपारी होता. आभाळ सकाळपासूनच भरून आले होते, पण पाऊस पडला नाही. प्रकाश सगळीकडे सारखा होता. सावल्या नव्हत्या, कशावरही चकाकी नव्हती. टाकी, दांडी, रेषा, मुलांचे गुडघे, सारे आपापल्या जागी स्पष्ट. असा उजेड पाहून मला भीती वाटली.

पूर्वार्धात मी एक क्षणही थांबलो नाही. शिडी मागे आहे. आजोबा त्याच्या अंगाला लागून. कॉर्नर. जवळचा खांब. आजोबाने काढला. तीन वेळा कॉर्नर आला आणि तीनही वेळा आजोबाने तो डोक्याने बाहेर फेकला. बाबा मान डोलवत होते. माझा घसा कोरडा पडला होता, आणि मी इतका सुखी बऱ्याच दिवसांत नव्हतो. मुले एकही आकडा उच्चारत नव्हती.

उत्तरार्ध संपत आला, तरी दोन्ही बाजूंना शून्य. तेव्हा मुख्याध्यापिकाबाई येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. हातभर अंतरावर. माझे पुटपुटणे मला एकदम स्वतःच्या कानांनी ऐकू आले. आंधळ्याला रस्ता सांगतात तसे ते होते. मी वाक्य अर्धवट सोडले आणि पेन्सिल नुसतीच चालवत राहिलो.

बाबांनी थोडी वाट पाहिली. मग डोके माझ्याकडे किंचित झुकवले. मी ते पाहिले. आमच्या दहा नंबरचा फटका खांबाला लागला, लोक ओरडले, चेंडू फिरून त्यांच्याकडे गेला, आमच्या अर्ध्यात आला, आजोबाने बाहेर काढला, आणि त्यांना कॉर्नर मिळाला. यातले एक अक्षरही मी बोललो नाही. शिडी मागून निघाला. आजोबा जवळच्या खांबाकडे झेपावला, मी सांगितले होते तसा, पन्नास पन्नास वेळा घोटले होते तसा. शिडी लांबच्या खांबाकडे गेला. तिथे कोणीच नव्हते.

सगळे मैदान ओरडले. बाबांचे हात छातीपर्यंत वर आले, टाळीसाठी उघडले, आणि तसेच थांबले.

"कुणाचा?" त्यांनी विचारले.

हळू नव्हे, नेहमीच्या आवाजात. आसपासच्या दोघा-तिघांनी वळून पाहिले.

"त्यांचा, बाबा," मी म्हणालो. "लांबच्या खांबावर. माझं लिहिलेलं चुकलं."

त्यांनी हात खाली घेतले, पँटला पुसले. "किती राहिलेत?"

"चार मिनिटं."

"मग सांग की रे," ते म्हणाले. "थांबलास कशाला?"

खिडकी जाळीतून चेंडू काढत होता. आजोबा गुडघ्यांवर हात टेकून माझ्याकडे, माझ्या वहीकडे पाहत होता. बाई माझ्याकडे वळल्या होत्या आणि काही विचारत नव्हत्या. मैदानावर इतका स्वच्छ, इतका निर्दोष उजेड होता, की पलीकडच्या गोलच्या दांडीवरचा गंजसुद्धा मला इथून दिसत होता.

मी वही मिटली. बाईंकडे पाहून म्हणालो, "त्यांना दिसत नाही."