पेटीत किती पाकिटं?

खरेदी विभागात तिला समोर सगळे ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘कुलूपबाई’. तिला दोन्ही ठाऊक होतं. बावीस वर्षं टेंडरच्या पाकिटांची नोंदवही सांभाळायची म्हणजे काय खायचं काम आहे? पाकीट आलं की वेळ लिहायची, सही घ्यायची, देणाऱ्याच्याच हातानं ते लोखंडी पेटीत टाकायला लावायचं आणि पेटी उघडेपर्यंत कुणाची आली, किती आली, हे पोटात ठेवायचं. ठेकेदार आधी गोड बोलत, मग दमात घेत. तिनं कुणालाच ताकास तूर लागू दिली नव्हती.

यंदा मात्र नशिबानं तिची थट्टाच मांडली. सरकारी इस्पितळाच्या चादरी धुण्याचं टेंडर निघालं आणि तिच्या धाकट्या भावानं ते भरायचं ठरवलं. त्याची लाँड्री होती. गावातलं मोठं हॉटेल बंद पडल्यापासून लाँड्रीतली दोन्ही मशिनं दुपारनंतर गप्प असत. हे काम मिळालं तर लाँड्री तगणार, नाहीतर शटर खाली. ताईनं साहेबांना रीतसर लेखी दिलं, की टेंडर भरणाऱ्यांत भाऊ आहे, वही दुसऱ्या कुणाकडे द्या.

साहेबांनी कागद वाचून जांभई दिली. “दर ठरवायच्या बैठकीत तुम्ही बसू नका. पण वहीला दुसरं माणूस आणू कुठून, ताई?”

वही तिच्याच गळ्यात राहिली.

धाकट्यानं पहिल्याच दिवशी पाकीट टाकलं. पुढे दोन आठवडे दुसरं कुणी फिरकलंच नाही. वहीत एकच ओळ, तीही भावाची. ताई रोज ती ओळ बघायची आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावायची. घरी पानावर बसलं की त्याचा घोशा सुरू व्हायचा.

“किती आली गं?”

“जेव.”

“नावं नको सांगूस. नुसता आकडा.”

“आकडाही सांगायचा नसतो. जेव म्हटलं ना!”

मुदत संपायच्या आदल्या दिवशी तपासनीस यायचे म्हणून तिनं दिवसभर जुन्या फायलींचे गठ्ठे फळीवरून उतरवले. कंबरडं मोडलं. घरी येऊन चपला न काढताच ती पायरीवर बसली. धाकट्यानं पाणी आणून दिलं आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

“आज बरीच गर्दी होती वाटतं?”

आता काय सांगणार? ‘नव्हती’ म्हणणं म्हणजे आकडा सांगणंच. फायलींचं गाऱ्हाणं सांगावं, तर त्यातूनही त्यानं तेच काढलं असतं.

“दमलेय रे,” ती म्हणाली. तेवढं तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मुदत संपायला अर्धा तास असताना तो खिडकीशी आला. हातात नवं पाकीट, वर लिहिलेलं ‘सुधारित दर’. नियमात ते बसत होतं. आधीचं पाकीट पेटी उघडली की न फोडता परत मिळतं. त्याचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते. नीट विचार केलायस ना, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण दुसऱ्या कुणाला तिनं हे विचारलं नसतं, म्हणून त्यालाही विचारलं नाही. पाकीट पेटीच्या तळाशी थाडकन आपटलं. भरलेल्या पेटीत असा आवाज होत नाही. तो त्याला ऐकू यावा, असं तिला फार फार वाटलं. तो रुमालानं मान पुसत होता.

तीन वाजता सगळ्यांसमोर पेटी उघडली. दोन पाकिटं निघाली, दोन्ही त्याचीच. साहेबांनी नवं फोडून मोठ्यानं वाचलं, चादरीमागे अकरा. गेल्या वर्षीच्या दराहून ते बरंच खाली होतं. बैठकीतल्या माणसांनी खुशीत माना डोलावल्या आणि काम त्याला मिळालं.

जुनं पाकीट परत दिल्याची सही घ्यायला ताई वही घेऊन त्याच्याकडे गेली. त्यानं पानावरून बोट वर नेलं, मग खाली आणलं, मग मागचं पान उलटून पाहिलं. मागच्या पानावर गेल्या वर्षीचे ठेकेदार होते. मग त्यानं जुनं पाकीट फोडून तिच्यासमोर धरलं. आत आकडा होता अठरा.

“अठरात लाँड्री चालली असती गं. अकरात साबण-पाणी निघालं तरी पुष्कळ.” त्यानं पाकिटाची घडी घालून ते खिशात ठेवलं. “काल तू एवढी कशानं दमली होतीस, ताई?”

“जुन्या फायली उतरवत होते.”

“मला वाटलं, पाकिटं घेऊन घेऊन.”

तिला रडू कोसळेलसं वाटलं. पण साहेब बघत होते आणि ओळ अर्धीच भरली होती. तिनं रकान्यावर बोट ठेवलं.

“इथं सही कर. वेळही लिही.”

त्यानं सही केली, घड्याळ बघून वेळ लिहिली आणि पेन तिच्या हातात दिलं.

“आता वर्षभर मी दमलेला दिसलो ना,” तो म्हणाला, “तर तू काही विचारू नकोस.”