टेसच्या नावापुढचा हिरवा रंग

गार्थ डिरीनचा केलवर संशय होता, आणि तो त्याने लपवलाही नाही. होबार्टच्या गोदीमागच्या त्या छोट्या ऑफिसात शिरल्या शिरल्या त्याने टॅबलेट ब्रिडीच्या टेबलावर आपटला.

"बघ यात काय ते. म्हाताऱ्याने माझ्या पोरीचा जीवच घेतला होता."

ब्रिडी लव्हेल आणि तिचा भागीदार अँटन यांनी ते ॲप बनवलं होतं, अबलोनचे शिंपले काढायला समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी. हवेच्या नळीबरोबर एक तार खाली जायची आणि कोण किती खोल आहे, किती वेळ झाला, ते होडीवरच्या पडद्यावर दिसायचं. नावापुढे हिरवा रंग म्हणजे राहू दे, लाल म्हणजे आता वर घ्या. लाल दिसलं की डेकवरच्या माणसाने नळीला झटके द्यायचे. गार्थच्या होडीवर हे काम केल करायचा. तो स्वतः जुना पाणबुड्या. कान गेला तेव्हापासून वर बसवलेला.

मागच्या आठवड्यात ब्रूनी बेटापलीकडे गार्थची मुलगी टेस खाली राहिली ती राहिलीच. वर आली तेव्हा खांदा ठणकत होता, बोटं बधिर झाली होती. हेलिकॉप्टरने नेऊन तिला, अंगात अडकलेले हवेचे बुडबुडे विरेपर्यंत, हॉस्पिटलात दाबाच्या खोलीत ठेवावं लागलं. धोका टळला होता, पण गार्थचा राग टळला नव्हता.

"केल काय म्हणतात?" ब्रिडीने विचारलं.

"म्हणतो, हिरवंच होतं. आणि बोलताना माझ्याकडे बघत नाही. त्याच्या जागी मी पोरीला खाली उतरवली ना, ते सलतंय त्याला."

अँटनने तोवर ॲपच्या नोंदी उघडल्याही होत्या. "टेसचे आकडे बरोबर आलेत. लाल करायचा हुकूमही वेळेवर सुटलाय. आपल्याकडून काही नाही."

"झालं तर मग," म्हणत गार्थ निघून गेला.

ब्रिडीलाही तसंच वाटलं. म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल, आणि आता अंगाशी आलं म्हणून पडद्यावर ढकलतोय. पण दुपारभर एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. साधी चूक शोधायलाही दिवस घालवणारा अँटन आज इतक्या झटकन मोकळा कसा झाला? आणि त्यानंतर त्याने एकदाही मान वर केली नव्हती. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते हेच का?

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून केलच्या गावी, डोव्हरला गेली. केल अंगणात शेवंडांसारखे क्रेफिश पकडायचा पिंजरा दुरुस्त करत बसला होता.

"हिरवं होतं," तिने विचारायच्या आतच तो म्हणाला.

"मग माझ्याकडे बघून सांगा."

त्याने हातातली तार खाली ठेवली.

"एकदा लाल चमकलं," तो म्हणाला. "डोळा मिचकावल्यासारखं. गार्थही पाण्यात होता, त्याचं नाव यादीत खाली गेलं होतं, म्हणून मी ती बोटाने सरकवत होतो. परत बघतो तर हिरवं. वाटलं, ऊन असेल. हे गार्थला सांगितलं तर म्हणेल, दिसलं होतं तर ओढलं का नाहीस?"

"का नाही ओढलंत?"

"तेच स्वतःला विचारत बसलोय, पोरी."

परतताना ब्रिडीला कळेना, कोणावर विश्वास ठेवावा. माणूस खोटं बोलायचंच म्हणाला तर स्वतःच्या अंगावर येईल असं कशाला बोलेल? पण सहानुभूती मिळवायलाही लोक असं बोलतात.

ऑफिसात तिने खोटे पाणबुडे तयार केले, संगणकावरून त्यांचे आकडे टॅबलेटला सोडले, आणि केलसारखी बोटाने यादी वरखाली करत बसली. पुन्हा पुन्हा लाल व्यवस्थित झालं. ती कंटाळून उठणार, तोच एका नावापुढे लाल लुकलुकलं आणि गेलं. हिरवं. नोंदीत मात्र 'लाल केलं' असं स्वच्छ लिहिलेलं. हुकूम सुटला एवढंच नोंद सांगत होती. पडद्यावर काय राहिलं, ते नोंदीला ठाऊकच नव्हतं.

मग तिने अँटनचा कोड उघडला. ॲपमध्ये अनेक कामं एकाच वेळी चालतात, प्रत्येकाचा थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, वेगळा. पडदा मात्र एकाच थ्रेडच्या ताब्यात असतो. मागे राबणाऱ्यांनी आकडे आणायचे, निरोप पुढे द्यायचा, पडद्याला हात लावायचा नाही. इथे मागचाच थ्रेड परस्पर लाल रंग देऊन मोकळा होत होता. त्याच क्षणी केलच्या बोटामुळे पडद्याचा थ्रेड तीच ओळ जुन्या हिरव्याने रंगवत होता. लाल पुसलं गेलं, आणि ते पाठवायचं एकदाच, म्हणून पुन्हा आलं नाही.

असं कोणी केलं तर ताकीद देणारी सोय त्यांच्याकडे होती. ती बंद होती.

"हे तू बंद केलंस?"

अँटन खुर्चीत मागे रेलला. "सारखी कटकट करायचं. आणि चालत होतं ना सगळं."

"गार्थ इथे उभा होता तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका आली होती."

"आणि तू गप्प बसलास!"

"तू कुठे बोललीस? तुलाही केलच चोर वाटत होता की."

ब्रिडीने फोन उचलला.

तिने सगळ्या होड्यांना कळवलं, नवं ॲप येईपर्यंत हे वापरू नका. मग दोघांनी ते नव्याने बांधलं. प्रत्येक निरोप पडदा सांभाळणाऱ्या थ्रेडच्याच रांगेत. ओळ रंगवताना रंग दर वेळी पाणबुड्याच्या ताज्या आकड्यांवरून. आणि लाल झालं की कर्णा वाजणार.

गार्थला तिने स्वतः फोन केला. तो ऐकत राहिला. "म्हणजे त्याला काहीच दिसलं नव्हतं?"

"चूक आमची आहे. बाकीचं त्यांनाच विचारा."

गार्थ स्कॅलप शिंपल्यांचं सारण भरलेली पॅटिस घेऊन केलच्या घरी गेला. केलने ती लाल चमकही सांगून टाकली. गार्थ उठला, आणि पॅटिस तिथेच ठेवून चालता झाला. पण टेसने बापाला सांगितलं, खाली उतरेन तर वर केल असेल तेव्हाच.

आता केल पुन्हा डेकवर बसतो. पडदा हिरवा असला तरी नजर पाण्यातल्या बुडबुड्यांवर, आणि जरा कुठे मनात आलं की ओढतो नळी. गार्थ शिव्या देत वर येतो. ब्रिडी आणि अँटन अजून भागीदार आहेत. फक्त आता ती त्याची एकही ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि तो तिची.