दार एकच, नावं तीन

मी दुवा बोलतोय. शोधू नका, दिसायचो नाही. मी एक प्रोग्रॅम आहे. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत माझा जन्म झाला.

तिथे विभाग तीन, आणि लिफ्टचं एकच दार तिन्हीकडे वेगळ्या नावानं नांदत होतं. यंत्रवाल्यांच्या आराखड्यात ते 'पॅनेल', वीजवाल्यांच्या तक्त्यात 'भार', आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या आकृतीत नुसतं 'द'. आपलंच खरं, असं प्रत्येकाला वाटे. शेवटी सॉफ्टवेअर विभागातल्या वहिनींनी मला लिहिलं. मी कुणाच्या फाईलला हात लावत नाही. हे आणि ते एकच, एवढं ध्यानात ठेवतो आणि एकीकडे बदल झाला की बाकीच्यांकडे लाल खूण करतो.

त्यांना सगळं ऑफिसच वहिनी म्हणे, कारण यंत्र विभागाचे प्रमुख त्यांचे सख्खे धाकटे दीर.

आधी माझं फार कौतुक झालं. मग लाल खुणा वाढल्या. लाल खूण म्हणजे खुर्चीतून उठून दुसऱ्या विभागात विचारायला जाणं आलं, आणि तेवढी सवड कुणाला होती? त्यात साहेबांना पाहुण्यांसमोर एवढा लाल पडदा बरा दिसेना. त्यांनी वहिनींना 'पाहिलं' नावाचं एक बटण बसवायला लावलं. दाबलं की खूण हिरवी. वहिनी कुरकुरल्या, पण बसवलं. मी हिरवागार झालो आणि माझी तारीफ पुन्हा सुरू झाली.

एका हॉस्पिटलची लिफ्ट तयार होत आली. सासूबाईंचा गुडघा दाखवायला वहिनी त्याच हॉस्पिटलात जाणार होत्या. कोण जाणे काय मनात आलं, त्यांनी कुणालाही न विचारता ते बटण काढून टाकलं. दडपलेल्या सगळ्या खुणा वर आल्या. सर्वांत जुनी होती दाराची.

त्या तडक यंत्र विभागात गेल्या.

"भावजी, दार बदललंत?"

"केव्हाच. काचेचं काढून जड पोलादी घातलं."

"मला सांगितलं नाहीत."

"तुमच्या दुव्याला सांगितलं होतं की, वहिनी."

दोघं राहत एकाच घरात, जेवत एकाच टेबलावर. पण घरी ऑफिसचा विषय काढायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. आणि ऑफिसात विषय काढायला मी होतोच.

दार चालवणाऱ्या वहिनींच्या प्रोग्रॅमला ते अजून हलकंच वाटत होतं. दारात रिकामी खाट ठेवून पाहिली. दार थांबलं, पण उशिरा. खाटेचा लोखंडी कठडा वाकला. भावजी कितीतरी वेळ त्या वाकलेल्या कठड्यावरून हात फिरवत राहिले.

दुरुस्ती होऊन लिफ्ट सुखरूप सुरू झाली. साहेबांनी आपल्या दक्षतेबद्दल शाबासकी घेतली आणि न विचारता बटण काढल्याबद्दल वहिनींना समज दिली.

आता भावजी काहीही बदलण्याआधी वहिनींच्या टेबलाशी येऊन बसतात. घरी जेवतानाही दोर, दारं, मोटारी. सासूबाई म्हणतात, यापेक्षा तुमचा अबोला बरा होता. सगळं बोलता बोलता ठरतं, आणि फाईलमध्ये भरायचं तेवढं राहून जातं.

त्यामुळे माझ्या पडद्यावर हल्ली एकही लाल खूण नसते. नव्या लिफ्टचं दार म्हणे पुन्हा बदललं. मला काहीच ठाऊक नाही. तुम्ही एकमेकांशी बोलताय, आनंद आहे. फक्त उठता उठता कधीतरी मलाही सांगत जा.