वेगळी लिस्ट

ताईला दिसत नसे. कॉम्प्युटर तिला स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवी आणि ते ऐकूनच ती प्रोग्रॅम लिही. वाचनालयांसाठी फुकट प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका गटात ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही होते. गटाची सगळी चर्चा एकाच मेलिंग लिस्टवर चाले. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचे. लिस्ट भाऊ सांभाळायचा.

त्या सकाळी कॉम्प्युटरने तिला भावाचीच मेल वाचून दाखवली. ‘न दिसणाऱ्यांच्या तक्रारींची मुख्य लिस्टवर गर्दी होते. त्यांच्यासाठी वेगळी लिस्ट काढू या.’

ताई उठून थेट स्वयंपाकघरात गेली. भाऊ चहा गाळत होता.

“हे मला तोंडावर सांगायला जीभ झडली होती का तुझी?”

“ताई, तुमच्या सोयीसाठीच गं. तिथे मोकळेपणाने बोलता येईल.”

“कुणाशी? आमचं आमच्याशीच? गेल्या महिन्यात ‘पुस्तक परत’ बटणाचं कॉम्प्युटर वाचतो ते नाव कुणी उडवलं? नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतंय मला!”

“चुकून उडालं माझ्याकडून.”

“मग मोडणारे एकीकडे आणि बोंबलणारे दुसरीकडे, असं कसं चालेल? तू वाचशील ती नवी लिस्ट?”

“सगळ्याच लिस्ट कुठे वाचत बसू?”

“ऐकलंस ना स्वतःचं?” ती म्हणाली आणि चहा न घेताच निघून गेली.

मतदान झालं. वेगळी लिस्ट बहुमताने मंजूर झाली. ताईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बटणाची तक्रार तिने पुन्हा मुख्य लिस्टवरच टाकली, अधिक कडक शब्दांत. मंडळी खवळली.

“आता परत टाकलंस तर तुझं खातं बंद करावं लागेल मला,” भाऊ म्हणाला.

“कर ना. पण का केलंस, ते सगळ्यांना लिहून कळव.”

त्याची हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी, लिस्टवर कधीही न लिहिणाऱ्या एका सभासदाने बटण दुरुस्त करून पाठवलं. ‘असं ऐकू येतं, हे मला माहीतच नव्हतं,’ एवढंच त्याने लिहिलं होतं.

“झालं ना तुझं काम? आता तरी राग सोड,” भाऊ दारातून म्हणाला.

“ती लिस्ट बंद केलीस का?”

तो दारातूनच मागे फिरला. ताईने हेडफोन कानावर चढवले आणि पुढची तक्रार लिहायला घेतली.