धरणारा माणूस

“आज घुसतंय बघा,” कढईत भजी सोडता सोडता मल्लिकार्जुननं जाहीर केलं आणि हॉटेलातल्या बाकांवरच्या सगळ्या माना वर झाल्या.

“कोन? रशिया का अण्णा?” रामकिसननं विचारलं.

“दोन्ही,” मल्लिकार्जुन म्हणाला.

विचारणं भागच होतं. त्या आठवड्यात बोरखडीच्या डोक्यात दोन स्वाऱ्या एकदम चालू होत्या. एक हॉटेलातल्या टीव्हीवर. रशियानं युक्रेनच्या शिवेवर रणगाडे आणून उभे केले होते. दुसरी ओढ्यापलीकडच्या रानात. माजी सरपंच सोमेश्वर अण्णा रोज सकाळी नांगर जोडलेला ट्रॅक्टर युवराजच्या बांधाला नेऊन लावायचे, इंजिन घरघरत ठेवायचे, ‘बांध उलटा करून टाकीन’ असं चार माणसांत ठणकावून सांगायचे आणि जेवायला घरी यायचे. दोन्हीकडे अजून कुणी शीव ओलांडली नव्हती, आणि दोन्हीकडे आज ओलांडणार अशी बोलवा होती.

खोटं कशाला बोला, गाव खुशीत होतं. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला गेल्या की आष्टी तालुक्यातल्या या गावात निम्म्या घरांना कुलपं लागतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे अशी दोनचार घरं. गुढीपाडव्यापर्यंत गावात धड लग्न नाही की धड भांडण नाही. अशा कोरड्या दिवसांत एक सोडून दोन लढाया दाराशी आल्यावर नको कोण म्हणेल?

एवढ्या मोठ्या धन्याला शेजाऱ्याच्या तुकड्याची हाव कशाला, यावर हॉटेलात रोज खल चाले. मल्लिकार्जुनचं म्हणणं, हे सगळं भावकीचं आहे. एके काळी एकच घर, एकच चूल. वाटण्या झाल्या, धाकट्याच्या वाट्याला काळी रानं गेली, ते थोरल्याला आता टोचतंय. सटवा म्हाताऱ्याला हे पटत नव्हतं. त्याच्या मते धाकटा लांबच्या बड्या लोकांच्या भिशीत शिरायला निघालाय, आणि उद्या ते लोक बंदुका घेऊन बांधाला येऊन बसतील ही थोरल्याला धास्ती. दोघं बोलत होते रशियाबद्दल, पण ऐकणाऱ्यांना अण्णा दिसत होते. युवराज अण्णांचा चुलत पुतण्या. त्यानं रस्त्याकडेची चिंचोळी पट्टी ढाब्यासाठी आष्टीच्या एका ठेकेदाराला द्यायची ठरवली होती, आणि याच ठेकेदारानं मागच्या निवडणुकीत अण्णांना पाडलं होतं. अण्णांना ती पट्टी नकोच होती. रोज सकाळी दारातून त्या माणसाची गाडी तिथं उभी दिसेल, एवढंच त्यांना नको होतं. त्यात युवराजचे दोन्ही भाऊ उसाला गेलेले. बळी तो कान पिळी, आणि कान एकटा सापडला तर जास्तच.

“पर मी काय म्हंतो,” रामकिसन म्हणाला, “त्या रशियाला मागून धरनारं कोन हाय?”

अख्खं हॉटेल हसलं. “तूच जा की बे,” सटवा म्हणाला. “धरून ये त्येला.”

रामकिसनही हसला. चेष्टा त्याचीच होती, पण तिच्यात त्याचा मानही होता.

कारण रामकिसन हा गावाचा धरणारा माणूस होता. पगार ग्रामपंचायतीचा, काम नळाच्या पाण्याचा कॉक फिरवायचं. पण कॉक काय, कुणीही फिरवील. भांडण पेटलं की दोघांत जो जास्त उसळतोय त्याला मागून जाऊन कमरेला कवळ घालावी ती रामकिसननंच. त्याचं एक शास्त्र होतं. फार लवकर धरलं तर माणसाचा अपमान होतो, उशिरा धरलं तर दुसऱ्याचं डोकं फुटतं. उसळलेला माणूस दोन पावलं जोरात टाकतो आणि तिसऱ्या पावलाला किंचित मागं रेलतो. ते रेलणं हेरायचं, कवळ घालायची आणि कानाशी हळूच म्हणायचं, “धरलंय. होऊ द्या आता.” मग तो माणूस ‘सोडा मला’ म्हणून गावभर ऐकू जाईल असा गरजायचा, आणि रामकिसनच्या दंडांना कळायचं की गडी तोंडानं वाघ आहे, कमरेनं गाय आहे. थोड्या वेळानं दोघंही दमायचे. कुणाचीच अब्रू जायची नाही. या धंद्यात रामकिसनचा एक दात पडला होता आणि त्याला कुणी कधी धन्यवाद दिले नव्हते. तरी लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या, आज कोण उसळणार याचा अंदाज घेण्यात त्याला जिलबीपेक्षा गोडी वाटायची.

गेल्या पोळ्याला मात्र धरता धरता त्याचा उजवा खांदा निखळला. आष्टीच्या डॉक्टरनं बसवला आणि बजावलं, पुन्हा निखळला तर कॉक फिरवायचं विसरा. घरी आल्यावर सरस्वतीबाईनं ताट वाढलं आणि ते हातात धरूनच त्याच्यासमोर उभी राहिली. माझ्या गळ्याची आन घ्या, मगच जेवा, म्हणाली. लोकांची भांडणं लोकांनी सोडवावीत. रामकिसननं आन घेतली. तेव्हापासून गावात तीन भांडणं झाली आणि तिन्ही वेळा तो हात पाठीमागं बांधून उभा राहिला. त्या तिन्ही रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं.

ओढ्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला तसं हॉटेल उठलं. मल्लिकार्जुननं कच्चीच भजी बाहेर काढली, गॅस बंद केला आणि खांद्यावरच्या फडक्यासकट निघाला. टीव्ही तसाच बोलत राहिला. आपण नुसतं बघायला चाललोय, असं रामकिसननं स्वतःला दोनदा बजावलं, पण पाय ऐकेनात. छातीत ढोल वाजत होता आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस जत्रेला निघालेल्या पोरासारखा चालत सुटला होता.

रानात ज्वारीची काढणी चालू होती. बाया हातातलं काम टाकून बांधाकडे आल्या होत्या, त्यांत सरस्वतीबाईही होती. बांधावर युवराज एकटा, हातात पहार घेऊन उभा. ‘इथून हललो तर बापाचं नाव लावनार न्हाई’, हे त्यानं आठवडाभर इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्यालाही हलता येत नव्हतं. समोर अण्णा, पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी, मागं घरघरणारा ट्रॅक्टर. दोघांच्या आज्या-पणज्यांचा उद्धार झाला. कुणीतरी मोबाइल उंच धरला. गर्दी इतकी रंगात आली होती की एका म्हातारीनं पुढच्यांना खाली बसायला सांगितलं.

अण्णांनी काठी उगारली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला किंचित मागं रेलले.

रामकिसनला ते रेलणं स्वतःच्या कमरेत जाणवलं. तिथं, अण्णांच्या पाठीमागं, हातभर जागा मोकळी होती आणि ती त्याची होती. त्याचे हात आपसूक सुटले, ते त्यानं पुन्हा पाठीमागं घट्ट बांधले. अण्णांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागं पाहिलं. दुसरं कोण धरणार? धरण्याजोगे सगळे गडी उसाच्या फडात होते. आणि मग जन्मभराच्या सवयीनं अण्णा ओरडले,

“सोडा. सोडा मला, आज ठिवत न्हाई ह्येला.”

त्यांना कुणीही धरलेलं नव्हतं.

क्षणभर वाऱ्यावर ज्वारीची पानं तेवढी वाजली. मग बायांमधून एक फिस्सकन हसली आणि तिच्यामागं सगळं रान हसायला लागलं. मल्लिकार्जुन हसला, सटवा खोकेपर्यंत हसला. भेदरलेला युवराजसुद्धा हसला. तेवढं मात्र व्हायला नको होतं.

रामकिसन हसला नाही. तो अण्णांकडं पाहत होता. चिडलेला माणूस लाल होतो. अण्णा पांढरे पडत गेले. त्यांनी काठी टाकून दिली आणि एक शब्द न बोलता ते ट्रॅक्टरकडे वळले. गर्जेल तो पडेल काय म्हणतात. अण्णांचं गर्जणं आता थांबलं होतं. ट्रॅक्टरच्या वाटेत, बांधावर युवराज होता आणि तो हलणार नव्हता. लोक अजून हसतच होते, त्यांना हा तमाशाचाच पुढचा भाग वाटत होता.

रामकिसननं बायकोकडं पाहिलं. तीही हसत नव्हती. तीस वर्षं या माणसाचे खांदे तेल लावून चोळणाऱ्या बाईला रेलणं आणि न रेलणं यातला फरक कळत होता.

“बघता काय?” ती म्हणाली. “धरा त्येला.”

“आन?”

“आन माजी हाय. मी बघते तिचं. जावा.”

रामकिसन धावला. अण्णांचा एक पाय ट्रॅक्टरच्या पायरीवर गेला होता. त्यानं मागून कमरेला कवळ घातली आणि कानाशी म्हणाला, “धरलंय अण्णा. होऊ द्या आता.”

ओढ कमी झाली नाही.

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातांना खरी ओढ लागली होती. कवळेत दरवेळी सैल पडणारी कंबर आज लोखंडासारखी पुढं जात होती आणि अण्णांच्या तोंडून आवाजसुद्धा येत नव्हता. रामकिसनला भीती वाटली. या माणसाला आता स्वतःलाच थांबता येत नाहीये, हे त्या रानात फक्त त्याला कळलं होतं. “धरलंय, अण्णा,” तो पुन्हा म्हणाला. अण्णांनी अंगाला जोरात हिसका दिला. खांद्यात कट्‌ झालं. उजवा हात ओल्या कपड्यासारखा खाली लोंबला. डोळ्यांपुढं अंधारी आली, गुडघे ढेकळांत टेकले. तरी डाव्या हाताची बोटं अण्णांच्या पट्ट्यात अडकलेली होती आणि ती त्यानं तशीच आवळून धरली.

“हात गेला माजा, अण्णा,” तो खालून म्हणाला. “पर सोडनार न्हाई.”

अण्णांनी खाली पाहिलं. मातीत गुडघ्यावर बसलेला, घामानं थबथबलेला, एका हातानं लोंबकळणारा रामकिसन त्यांना बहुधा तेव्हाच दिसला. त्यांचा पायरीवरचा पाय खाली आला. कंबर सैलावली. हळूहळू, शेवटी पार सैलावली, इतकी की अण्णांचंच ओझं रामकिसनच्या अंगावर आलं. आणि मग मान वर करून, गर्दीला ऐकू जाईल अशा फाटक्या आवाजात ते म्हणाले, “सोडा मला.”

या खेपेला कुणी हसलं नाही. युवराजनं पहार खाली ठेवली आणि तो बांधावर मटकन बसला. सरस्वतीबाईनं येऊन नवऱ्याची बोटं पट्ट्यातून एकेक करून सोडवली. तिच्याशिवाय ती सुटलीच नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसन हॉटेलात आला तेव्हा त्याचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. डॉक्टरनं खांदा बसवला होता, पण आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही म्हणाला होता. कॉक फिरवायला सरस्वतीबाई गेली होती. हॉटेलात सगळे होते, पण भजी कुणी मागवली नव्हती. टीव्हीवर रणगाडे शिवेच्या आत आले होते. कुठल्याशा गावावर काळा धूर होता आणि एक बाई पिशवी छातीशी कवटाळून रस्त्यानं पळत होती. तिला कुठं जायचं होतं कोण जाणे. आठवडाभर ज्याची एवढी वाट पाहिली ते समोर आलं होतं, आणि त्याच्याकडं पाहताना सगळ्यांना आपलीच लाज वाटत होती.

अण्णा आले. बाकावर जागा झाली. ते रामकिसनच्या शेजारी बसले. कालच्याबद्दल कुणी बोललं नाही, तेही बोलले नाहीत.

“कुनी धरलं न्हाई का त्येला?” रामकिसननं टीव्हीकडं पाहत विचारलं.

“येवड्या मोठ्या मानसाला कोन धरनार?” मल्लिकार्जुन म्हणाला.

त्यानं चहाचं आधण ठेवलं.

“बघितलं आसंल त्येनं,” अण्णा म्हणाले. “घुसायच्या आदी. येकदा मागं वळून.”

चहा आला. रामकिसननं डाव्या हातानं कप उचलला, चहा हिंदकळून मांडीवर सांडला. अण्णांनी त्याच्या हातातून कप घेतला, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्याच्यापुढं केली. ती त्याच्या डाव्या हातात नीट बसेपर्यंत त्यांनी ती खालून धरून ठेवली.